सोंग आणि शिवण

‘सोंग’ या शब्दाची आपल्या भाषेंत फार दिवसांपासून नाचक्की झालेली आहे. आजारपण खोटें असलें तर तें सोंग, वैराग्य दिखाऊ असलें तर तें सोंग, आणि रडणें मनापासून नसलें तर तेंही सोंगच. वास्तविक या बिचाऱ्या शब्दानें असें कोणतें पाप केलें होतें, हें आम्हांस कळत नाहीं. कोंकणांतील दशावतारी, देवळांतून होणारीं लळितें आणि दारोदार फिरणारा बहुरूपी यांनीं पिढ्यान् पिढ्या ज्या कलेवर आपलें पोट भरलें व गांवाचें मन रमविलें, ती कला सोंगाचीच होती. बहुरूपी फौजदाराच्या वेषांत दारांत उभा राहून दटावूं लागला म्हणजे, हा खरा फौजदार नव्हे हें ठाऊक असूनही घरचीं मुलें आईच्या पदराआड दडत. आणि सोंग उतरल्यावर त्याच मनुष्याच्या झोळींत पसाभर धान्य पडे. फसवणूक कोणाचीच होत नसे. फसविण्यासाठीं जें आणलें जातें तें ढोंग. सोंगाची जात निराळी आहे.

हल्लीं या जुन्या हौसेनें नवें नांव धारण केलें आहे. कथेंतील, चित्रपटांतील अथवा इतिहासांतील एखाद्या व्यक्तीचा पोशाख स्वतःच्या हातानें तयार करावा, तो अंगावर चढवावा आणि समानधर्मी मंडळींच्या मेळाव्यांत मिरवावा, या छंदास ‘कॉस्प्ले’ म्हणतात. शब्द जपानांत घडला. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ या दोन इंग्रजी शब्दांची मोडतोड करून तेथील हौशी लोकांनीं तो १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रूढ केला. वस्तु मात्र त्याहून जुनी आहे. १९३९ च्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्क येथें वैज्ञानिक कथांच्या भोक्त्यांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें, तेव्हां फॉरेस्ट अॅकरमन नांवाचा तरुण भविष्यकाळांतील मनुष्याचा पोशाख करून तेथें आला, अशी हकीकत या छंदाच्या इतिहासांत आरंभींच सांगितली जाते. १९३६ च्या ‘थिंग्ज टु कम’ या बोलपटावरून तो पोशाख बेतलेला होता. अॅकरमनच्या शेजारीं तशाच पोशाखांत मर्टल डग्लस नांवाची बाई होती, आणि ते दोन्ही पोशाख तिनेंच शिवले होते, ही गोष्ट सांगण्याची आठवण मात्र पुष्कळांस फार उशिरां झाली. घालणाऱ्याचें नांव राहतें आणि शिवणाऱ्याचें पुसलें जातें. या नव्या छंदानें जन्मतःच हा जुना रिवाज पाळला म्हणावयाचा.

आम्हांस हा छंद जडून आतां सात-आठ वर्षें झालीं. त्याचें मूळ शोधूं गेल्यास तें एका तक्रारींत सांपडेल. मिरवणुकींत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि लग्नांतल्या ‘पेशवाई थाटां’त जो ऐतिहासिक पोशाख दिसतो, तो बहुधा ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानें आणलेला असतो. चकाकणारें सॅटिन, प्लॅस्टिकची जर, पाठीमागें चेन, आणि डोक्यावर पुठ्ठ्याची पगडी. एका दिवसाच्या हौसेला तो पुरतो, आणि ड्रेपरीवाल्यालाही पोट आहे. तेव्हां त्याजवर आमचा राग नाहीं. तक्रार एवढीच कीं, हा पोशाख कोणत्याही काळचा नसतो. ड्रेपरीवाला चित्रपट पाहून शिवतो, चित्रपट नाटकाकडे पाहतो, आणि नाटक भिंतीवरच्या छापील तसबिरींकडे. उताऱ्यावरून उतारा घेतांना लेखकाच्या चुका जशा वाढत जातात, तशा इथें जरीच्या पट्ट्या वाढत जातात. १९२३ च्या ‘सिंहगड’पासून २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’पर्यंत चित्रपटांनीं जे ऐतिहासिक पोशाख दाखविले, ते पडद्यावर दुरून उठून दिसावे म्हणून केलेले होते, आणि त्या कामापुरते ते योग्यच होते. पडद्यावरचा पेशवा पाहून आपण घरीं येतों आणि ‘आपले पूर्वज असे दिसत’ म्हणून मुलांना सांगतों, येथें घोटाळा होतो.

मुखवट्याच्या बाबतींत सुद्धां आपण किती सहज फसतों, याचें एक उदाहरण वाचकांस ठाऊकच असेल. वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं शिवाजीमहाराजांचें अस्सल चित्र उजेडांत आणीपर्यंत एका भलत्याच मनुष्याचें चित्र महाराजांचें म्हणून छापलें जात होतें. प्रत्यक्ष चेहऱ्याची जर ही कथा, तर अंगरख्याच्या बंदांची चौकशी कोण करतो?

म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, ज्या काळाचीं माणसें समोर बसवून काढलेलीं चित्रें आज पाहावयास मिळतात, तोच काळ निवडावा. या दृष्टीनें सवाई माधवरावांचें पुणें मोठें भाग्यवान आहे. स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स हा इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानें पुण्यांत राहिला, आणि १७९५ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे अशा पुरुषांचीं चित्रें काढलीं. त्याच्याबरोबर काम करणारा गंगाराम चिंतामण तांबट हा तर पुण्याचाच चित्रकार. वेरूळच्या लेण्यांपासून पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्यापर्यंत जें दिसेल तें त्यानें कागदावर उतरविलें. त्याचीं पुष्कळ चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहांत आहेत. वेल्सनें १७९२ सालीं काढलेलें सवाई माधवराव, नाना आणि सेवक यांचें मोठें चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत आहे. पुण्याचा पोशाख पाहण्यास पुण्याबाहेर पाहावें लागतें, हा योगायोग नव्हे, इतिहास आहे. पण तो निराळ्या लेखाचा विषय.

वेल्सच्या त्या चित्रापुढें मनुष्यानें थोडा वेळ बसावें. अठरा वर्षांचा पेशवा गादीवर आहे, गळ्यांत मोत्यांच्या माळा आहेत, आणि अंगावर आहे पांढरें, तलम, जवळजवळ साधें वस्त्र. जांभळें मखमल नाहीं, बोटभर रुंद जरीचे काठ नाहींत. आमच्या एका मित्रास आम्हीं हें चित्र दाखविलें तेव्हां ते किंचित् हिरमुसले. “एवढंच?” ते म्हणाले. परंतु ज्याला कापड कळतें त्याला या ‘एवढंच’चा अर्थ लागतो. त्या काळीं सूत हातानें कांतावयाचें, हातानें विणावयाचें आणि हातानें धुवावयाचें. तेव्हां जितका धागा बारीक तितके माणसांचे दिवस त्यांत अधिक. मलमलीचा अंगरखा नेहमीं पांढरा शुभ्र ठेवणें म्हणजे पदरीं परीट, शिंपी आणि हुजरे बाळगणें. श्रीमंती चमकण्यांत नव्हती, तलमपणांत होती. आणि ती आज आपल्या डोळ्यांस दिसतही नाहीं.

चित्र सांपडलें म्हणजे काम झालें, असें मात्र नाहीं. चित्रांत पुढली बाजू दिसते, शिवण दिसत नाहीं. कागदपत्रांची तऱ्हा याहून विचित्र. गो. स. सरदेसाई यांनीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले. त्यांत आणि तशाच इतर संग्रहांत कापडाचा व पोशाखाचा उल्लेख पदोपदीं येतो. चिरा, तिवट, शेला, महमुदी, किनखाब, अशीं नांवें वाचतांना तोंडास पाणी सुटतें. परंतु कारकुनाला किंमतीशीं काम होतें, बेताशीं नव्हतें. नांव मिळतें, आकार मिळत नाहीं. संग्रहालयांत जुना कपडा क्वचित् सांपडतो तो कांचेआड, पसरलेला. आणि आम्हांस तर तो उलटा करून पाहावयाचा असतो! या छंदांतील मनुष्याला संग्रहालयांत नेलें तर तो कपड्यांची खालची कड पाहण्यासाठीं जमिनीवर बसतो व पहारेकऱ्यास संशय येतो.

अखेर प्रश्न कात्रीनेंच सोडवावा लागला. प्रथम मांजरपाटाचा एक कच्चा नमुना करून पाहावा असा बेत केला. (या कापडाचा मांजराशीं कांहीं संबंध नाहीं, तें जाडेंभरडें व स्वस्त असतें, म्हणून बिघडलें तरी जीव हळहळत नाहीं.) आरंभ बाराबंदीनें केला. बाराबंदी म्हणजे बारा बंदांचें आंखूड अंगवस्त्र. बटणाचा उपयोग नाहीं, सर्व भिस्त गांठींवर. आम्ही चित्र घेऊन गल्लींतल्या टेलरमास्तरांकडे गेलों. त्यांचा हात चांगला आहे आणि विनोदबुद्धिही आहे. चित्राकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, “साहेब, याला शोल्डर कुठं आहे? मुंढा कुठं आहे? मुंढ्याशिवाय बाही बसायची नाही.” त्यांचें म्हणणें त्यांच्या शास्त्राप्रमाणें बरोबर होतें. विलायती कोटाचें शास्त्र अंगाचा आकार कापडांतून कापून काढतें. तेथें खांदा गोल, मुंढा खोल, आणि उरलेल्या चिंध्या पुष्कळ.

उत्तर मिळालें तें आमच्या मावशीकडे. त्या आतां ऐंशींच्या पुढें आहेत आणि अजून नात्यांत कोणाकडे पाळणा हलणार असला कीं स्वतःच्या हातानें बाळंतविडा शिवतात. आमची अडचण ऐकून त्यांनीं पेटींतून एक झबलें काढलें आणि मांडीवर पसरलें. सरळ अंग, सरळ बाह्या, बगलेखालीं एक लहानसा चौकोनी तुकडा, आणि पुढें बंद. “अरे, तान्ह्या बाळाला कुठं खांदे असतात? म्हणून झबल्याला मुंढा नसतो,” त्या म्हणाल्या. “हात वर केला की ओढ कुठं बसते बघ. तिथं हा चौकोन तिरपा लावायचा, की हात मोकळा.” मग चष्म्यावरून आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “मोठ्या माणसांना तरी खांदे कुठं असतात रे? शिंप्यांनी लावले.”

बगलेखालच्या या तुकड्याला चौबगला म्हणतात. तो शब्द आम्हीं पुस्तकांत वाचला होता. त्याचें कार्य मात्र त्या दिवशीं कळलें. दरबारांतून, पलटणींतून, बाजारांतून जो बेत केव्हांच हद्दपार झाला, तो पाळण्यांत सुखरूप राहिला होता, कारण तान्ह्या मुलाच्या कपड्यांत फॅशनीला फारसें महत्त्व नसतें आणि बटण बाळाला टोंचतें. इतिहासाचें साधन म्हणून झबल्याकडे पाहण्याची पद्धत आपल्याकडे नाहीं. ती पडली तर बरें होईल.

यानंतर कापड स्वतःच बोलूं लागलें. जुन्या अंगरख्याच्या घेराला इतक्या कळ्या कां, हें आम्हांस पूर्वीं कोडें होतें. शोभेसाठीं असतील असें वाटे. परंतु जॉन के यानें १७३३ सालीं धांवता धोटा काढण्यापूर्वीं, आणि आपल्याकडे तर त्यानंतरही कितीएक वर्षें, विणकर धोटा एका हातानें फेंकून दुसऱ्या हातानें झेलीत असे. म्हणजे कापडाचा पन्हा विणकराच्या हातांच्या पोंचेवर ठरे. अरुंद पन्ह्यांतून मोठा घेर काढावयाचा तर कापड जोडलें पाहिजे. लांबट तुकडा घेऊन तो एका कोंपऱ्यापासून समोरच्या कोंपऱ्यापर्यंत कापला कीं दोन कळ्या होतात. एक सुलटी, एक उलटी जोडली कीं खालीं घेर येतो, वर कंबर बसते, आणि जमिनीवर एक चिंधी पडत नाहीं. ज्या कापडांत विणकराचे इतके दिवस गेले आहेत, तें कात्रीनें वाटेल तसें उधळावयाचें नसतें, ही अक्कल त्या बेतांत आहे. कळ्या शोभेच्या नव्हेत, काटकसरीच्या. शोभा मागाहून आली. सुरवारीचा पाय उरेब कां कापतात तेंही असेंच कळलें: तिरप्या कापडाला ताण असतो, म्हणून घोट्याशीं घट्ट असूनही मांडी घालतां येते.

शिवण सर्व हातानें केली. हॉवे यानें १८४६ सालीं व सिंगर यानें १८५१ सालीं आपल्या यंत्राचे हक्क नोंदविले. त्याआधींचा जगांतला जवळजवळ प्रत्येक शिवलेला कपडा कोणाच्या तरी बोटांनीं टांक्याटांक्यानें शिवलेला आहे, हें एरवीं आपल्या ध्यानांतही येत नाहीं. पहिल्या बाहीला आम्हांस अकरा संध्याकाळ लागल्या. धांवदोरा घालावा, मग टीप घालावी, कडेला मगजी लावावी. रात्रीं डोळे चुरचुरत आणि अंगुस्तान नसलेल्या बोटाचीं टोंकें खरखरीत होत. पुढें हात बसला. तरीही मलमलीचा पुरा अंगरखा होण्यास पावसाळा लोटला. त्या दिवसांत नाना फडणिसांच्या राजकारणापेक्षां त्यांच्या शिंप्याविषयीं आमच्या मनांत विचार अधिक येत. कोणत्या दिव्याच्या उजेडांत तो शिवीत असेल? त्याचें नांव कोणत्या हिशेबांत असेल?

रंगाचें प्रकरण थोडक्यांत सांगतों, कारण तें भांडणाचें आहे. पर्किननें १८५६ सालीं पहिला कृत्रिम रंग काढला, १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेचा लाल रंग प्रयोगशाळेंत तयार होऊं लागला, आणि १८९७ सालीं कृत्रिम नीळ जर्मनींतून बाजारांत आली. त्यापूर्वींचे रंग झाडाचे, किड्याचे नाहीं तर मातीचे. भगवा हा गेरूचा; आणि गेरू ही माती आहे. ती धाग्यांत मुरत नाहीं, नुसती वर बसते, दर धुण्याला थोडी उतरते आणि पुन्हां चढवावी लागते. आम्हीं न्हाणीघरांत बादलीभर गेरू कालवून एक पंचा रंगविला. (घरांतून जो निषेध झाला त्याचें वर्णन करीत नाहीं.) वाळल्यावर जो रंग दिसला तो नांगरलेल्या शेताचा होता, मिरवणुकींतल्या पताकांच्या झगझगीत नारिंगीशीं त्याचें दूरचेंही नातें नव्हतें. तो पंचा एका उत्साही गृहस्थांना दाखविला तेव्हां त्यांनीं ‘हा आपला भगवा नव्हे’ असा निकाल दिला. कारखान्यांतला रंग अस्सल ठरला आणि माती परकी ठरली. आम्हीं वाद घातला नाहीं. तो पंचा अजून घरीं आहे, आणि धुण्याधुण्याला फिका होत आहे, जसा त्यानें व्हावा.

जरीविषयीं एकच वाक्य पुरे: सर्व सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, ही म्हण ज्यानें काढली त्यानें खऱ्या जरीचा भाव विचारला असला पाहिजे.

स्त्रियांच्या पोशाखाची बाजू आमच्या घरांत सौभाग्यवतींनीं उचलली, आणि त्या आमच्याहून कडक निघाल्या. हल्लीं बाजारांत शिवलेली नऊवारी मिळते. सुरवारीसारखे पाय घातले कीं निऱ्या, काष्टा सगळें आपोआप जागेवर. घाईच्या वेळीं ती सोयीची आहे हें त्या मान्य करतात, पण तिला लुगडें म्हणावयास तयार नाहींत. त्यांचें म्हणणें असें कीं, लुगडें हा कपडा नसून ती एक क्रिया आहे. तेंच नऊवार कापड कोणी कसें नेसलें यावरून तिचें गांव, तिची जात, तिचें काम कळत असे, आणि शिवून टाकलें कीं तें सर्व बोलणें बंद होतें. खणाच्या चोळीचा बेत त्यांनीं एका वृद्ध शेजारणीकडून शिकून घेतला. काठ दंडावर यावा आणि खणाचा तुकडा वायां जाऊं नये, ही तिथेंही तीच जुनी अक्कल. ‘जात कळत असे’ हे त्यांचे शब्द तेव्हां आमच्या कानावरून गेले. पुढें ते परत आले.

अंगरखा पुरा झाला आणि अंगावर चढविला, तेव्हां प्रथम कळलें कीं, असा पोशाख एकट्यानें करावयाचा नसतोच. बाही हाताहून पुष्कळ लांब असते. ती मनगटापासून वर चुण्या चुण्या करून बसवावी लागते आणि त्यासाठीं दुसऱ्या मनुष्याचे हात लागतात. पागोटें बांधावयास आणखी कोणी. एकदां सर्व चढलें कीं मान ताठ होते, चाल संथ होते, खालीं पडलेली वस्तु उचलण्याची इच्छाच नाहींशी होते. रुबाब हा स्वभावाचा गुण आहे अशी आमची समजूत होती. त्यांतील बराच भाग कळ्यांचा व चुण्यांचा असतो. आणि मग वेल्सच्या चित्रांतले ते मागें उभे असलेले सेवक आम्हांस निराळे दिसूं लागले. चित्राच्या नांवांत पेशव्यांचें नांव आहे, नानांचें आहे. ते नुसते ‘सेवक’ आहेत. पेशव्यांच्या बाहीच्या चुण्या ज्यानें बसविल्या, तो बहुधा असाच कोणी तरी.

गेल्या वर्षीं एका महाविद्यालयांत अशा हौशी मंडळींचें लहानसें प्रदर्शन भरलें होतें. आमचा अंगरखा, बाराबंदी, सौभाग्यवतींचें लुगडें व चोळी हीं तेथें मांडलीं होतीं. लोक येत, कौतुक करीत, अंगरखा घालून छायाचित्रें काढून घेत. एक विद्यार्थी बराच वेळ शिवण निरखीत उभा होता. त्यानें चौबगल्याविषयीं विचारलें, कळ्या मोजल्या. मग म्हणाला, “काका, काम फार सुरेख आहे. पण त्या वेळी हा मला घालता आला असता का?” आम्ही त्याच्याकडे पाहूं लागलों. तो शांतपणें म्हणाला, “माझ्या पणजोबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. त्याआधी आम्ही महार. त्यांच्या खापरपणजोबांनी या पुण्यात काय घातलं असतं, ते तुमच्या पुस्तकात आहे का?”

आहे. डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालच्या आपल्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथांत तें नमूद केलें आहे: पेशव्यांच्या पुण्यांत अस्पृश्याला कंबरेला झाडू बांधून आपल्या पावलांचे ठसे पुसावे लागत, आणि थुंकी जमिनीवर पडूं नये म्हणून गळ्यांत मडकें अडकवावें लागे. वेल्सच्या चित्रांत सेवकाला निदान उभें राहण्यास जागा आहे. या मनुष्याला चित्राच्या चौकटींतच प्रवेश नाहीं. ज्या शहराचा पांढरा अंगरखा आम्हीं इतक्या भक्तिभावानें शिवला, त्याच शहराचा तोही पोशाख होता.

हें त्यालाही ठाऊक होतें. त्यानें विचारलें तें आम्हांस ठाऊक आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं. तो म्हणाला, “ते मी अंगावर चढवणार नाही. दुसऱ्यानं चढवलेलं बघणारही नाही.” आम्हांसही तेंच योग्य वाटतें. कित्येक मंडळींचें मत असें आहे कीं, इतिहास दाखवावयाचा तर पुरा दाखवावा. परंतु ग्रंथांत लिहिणें निराळें आणि अंगावर घालून मिरविणें निराळें. झाडू आणि मडकें हा त्या मनुष्याचा पोशाख नव्हताच. ती त्याच्यावर दुसऱ्यांनीं लादलेली शिक्षा होती. शिक्षेचें सोंग आणणाऱ्याचें छायाचित्र छान येईल, आणि पाहणारे हळहळतील. पण ज्याची ती शिक्षा होती त्याला त्यांत पुन्हां एकदां तमाशासाठीं उभें केल्यासारखें होईल. बहुरूप्यालाही आपलीं सोंगें निवडावीं लागतात.

त्या तरुणानें निवड आधींच केलेली होती. त्याला हवा होता १८१८ सालचा तांबडा कोट. त्या वर्षाच्या १ जानेवारीस भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें पेशव्यांच्या फौजेशीं जी कंपनीची पलटण दिवसभर लढली, तींत महार शिपाई पुष्कळ होते. तेथील स्तंभावर पडलेल्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांतलीं कितीएक ‘नाक’ या अक्षरांनीं संपतात. आंबेडकर तेथें १९२७ सालच्या १ जानेवारीस गेले होते. त्या लढाईचा अर्थ काय लावावा याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, आणि कंपनीनें तो कोट कांहीं परोपकारासाठीं दिला नव्हता. हें सर्व आम्हीं त्याला सांगितलें. तेंही त्याला ठाऊक होतें. “पण काका,” तो म्हणाला, “तुमच्या चित्रातल्या सेवकांना नाव नाही. इथं दगडावर नाव आहे.”

तेव्हांपासून दर रविवारीं तो आमच्याकडे येतो. तांबडी बनात पुण्यांत मिळाली नाहीं. मुंबईहून जुन्या कापडाच्या व्यापाऱ्याकडून थोडीशी आणली आहे, आणि ती कापण्याचें धैर्य अजून झालेलें नाहीं. मांजरपाटाचा नमुना तेवढा झाला. या कोटाला खांदा आहे, खोल मुंढा आहे, उभी कॉलर आहे. आमचें चौबगल्याचें ज्ञान येथें निरुपयोगी, म्हणून नमुना घेऊन पुन्हां टेलरमास्तरांकडे गेलों. त्यांनीं तो हातांत घेतला, मुंढ्यावरून अंगठा फिरविला आणि समाधानानें म्हणाले, “हां, आता कसं! हे शिवता येईल.” त्या तरुणाला त्यांनीं बाही बसविण्याची युक्ति दोन रविवार खपून शिकविली. कोट कोणाचा आहे हें विचारल्यावर त्यानें तें सांगितलें. मास्तर थोडा वेळ गप्प राहिले, मग पैसे घेण्यास नको म्हणाले. तो मात्र पैसे देऊनच उठला.

काजें मावशी करून देणार आहेत. बंदांचें राज्य संपून बटणांचें सुरू झालें, याची त्यांना खंत नाहीं. “काज चांगलं झालं पाहिजे, म्हणजे झालं,” एवढेंच त्या म्हणतात. बनात जाड आहे आणि त्यांची नजर आतां पूर्वींसारखी राहिलेली नाहीं, म्हणून पहिलें काज त्यांनीं करावयाचें आणि बाकीचीं त्यांच्याकडे पाहून त्यानें, असें ठरलें आहे. सध्यां अडलें आहे तें बटणांच्या संख्येपाशीं. एका चित्रांत दिसतात तितकीं दुसऱ्यांत दिसत नाहींत, आणि जोंपर्यंत खात्री होत नाहीं तोंपर्यंत बनातीला कात्री लावावयाची नाहीं, या गोष्टीवर तो आमच्याहून अधिक हट्टी आहे.